मैदानामागचा पट्टा

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून गावच्या संघाच्या कप्तानांचा जीव एकाच गोष्टीत होता, ओढ्याकाठच्या व्हॉलीबॉलच्या मैदानात. म्हणून सूनबाई जेवताना सहज म्हणाली, "बाबा, उद्या मी तुमच्या मैदानाकडची माती काढणार आहे," तेव्हा त्यांना जोरदार ठसका लागला.

सूनबाई माती तपासायची. गावात घेवड्याचे दाणे बाहेरून यायचे. यंदा रस्ता खचला, ट्रक पलीकडेच अडकले आणि घरोघरचे डबे खडखडू लागले. मग नगरपालिकेने ठरवलं, आपल्यापुरता घेवडा आपणच पिकवायचा, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. जागा शोधायचं काम आलं सूनबाईकडे.

"टेकडीच्या उतारावर बघ की," कप्तान म्हणाले.

"तिथे वीतभर खणलं की खडक."

"वीटभट्टीच्या मागे?"

"पाणी साचतं. मुळं कुजतील."

"मग घेवडा खायचाच कशाला म्हणतो मी!"

"काल ताटात नव्हता म्हणून रुसलं कोण होतं?" सासूबाईंनी विचारलं. कप्तानांनी मान खाली घालून भात कालवला.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने पिशवीभर माती आणून जिन्याच्या सावलीत कागदावर वाळत घातली. काळीभोर, मुठीत दाबून सोडली की भुसभुशीत मोकळी होणारी. ती बघून कप्तानांनी ओळखलं, आता मैदान गेलंच. दुपारी सूनबाई कचेरीत गेलेली, सासूबाईंचा डोळा लागलेला. शेजारी घराचं बांधकाम चालू होतं. तिथून कप्तानांनी चुन्याचा भुगा मिसळलेली माती आणून कागदावर पसरली आणि खरी माती बायकोच्या कुंड्यांत रिचवली.

संध्याकाळी सूनबाईने त्या मातीवर आम्लाचे थेंब टाकले. माती फसाफसा उतू लागली.

"अगं बाई! हा तर नुसता चुना!"

"वाटलंच होतं मला," कप्तान घाईघाईने म्हणाले. "जाऊ दे, नशीब एकेकाचं."

सूनबाईची नजर त्यांच्या पांढऱ्याफटक चपलांवर गेली. चेहरा गंभीर करून ती म्हणाली, "जाऊ कसं देऊ? तिथे कुणीतरी राडारोडा टाकलाय. अख्खं मैदान खणून काढायला लावते. कुंपण घालून वर्षभर बंद."

कप्तान ताडकन उठले. "सूनबाई, ती माती... म्हणजे मूळची... हिच्या कुंड्यांत आहे."

"तरीच म्हटलं, कुंड्या अशा काठोकाठ कशा भरल्या!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सूनबाईची तर हसून हसून पुरेवाट झाली.

"बाबा, तुमचं मैदान हवंय कुणाला? उड्या मारमारून फरशी केलीत त्याची. घेवड्याचं मूळ शिरायचं नाही तिथे. मला हवाय तो त्याच्या मागचा, ओढ्यापर्यंतचा झुडपांचा पट्टा."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

पट्टा साफ झाला, घेवडा पेरला, वेल काठ्यांवर चढले. चेंडू तिकडे गेला की आता कप्तान दुसऱ्या कुणाला वेलांत पाय ठेवू देत नाहीत, स्वतःच जातात. परवा गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. गडी ताटकळले. शेवटी ते ओंजळभर शेंगा घेऊन, खुशीत डुलत आले.

"कप्तान, चेंडू कुठाय?"

"कसला चेंडू?" म्हणाले, आणि जीभ चावून परत फिरले.