वीस बाळंतपणांची वही

आमच्या संस्थेत एक बाळंतपण चार वह्यांत व्हायचं. एकीनं बाळाचं डोकं धरायचं, दुसरीनं नाळ कापायची, तिसरीनं बाळ पुसायचं, चौथीनं बॅटरी धरून उभं राहायचं, आणि संध्याकाळी चौघींनीही आपापल्या वहीत लिहायचं, ‘मी बाळंतपण केले.’ नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला बसायला अशी वीस लागत. खाली शिकवणारी म्हणून माझी सही. ही रीत मी काढली नव्हती, पण इमानेइतबारे चालवत होते, आणि वर तिला प्रशिक्षण म्हणत होते.

आमचे संस्थाचालक नानासाहेब. औरंगाबादेत जालना रोडवरचं ते प्रसूतिगृह त्यांच्याच मालकीचं, पण बाळंतिणीच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. बाई ओरडायला लागली की हे केबिनचं दार लावून घ्यायचे. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये चाळीसपैकी एकोणचाळीस वह्या भरून त्यांच्या टेबलावर आल्या. चाळिसावी गुलशनची. तीत सातच नोंदी.

"पोरगी मंद आहे का?" नानासाहेबांनी मला विचारलं.

गुलशन फर्दापूरची. मी तिला बोलावलं आणि सांगितलं, "उरलेली तेरा लिहून आण. मी सही करते."

"मॅडम, मी सातच केलीत. बाकीच्यांत नुसती उभी होते."

मला तिचा राग आला. खरं सांगते, नानासाहेबांपेक्षा जास्त आला. चाळीस जणींत हिला एकटीलाच शहाणपण सुचावं, आणि तेही फॉर्म जायच्या आदल्या दिवशी!

"वर्ष जाईल तुझं," मी म्हणाले.

"ठाऊक हाय, मॅडम. वर्ष गेलं तर अब्बा निकाह लावून देणार. आत्ताच बोलायलेत."

"मग लिही की!"

तिनं वही मिटून माझ्या पुढ्यात ठेवली. तेवढ्यात आया धावत आली. पिशोरची आवडाबाई, पहिलटकरीण, आता कोणत्याही क्षणी मोकळी होणार होती. मी गुलशनला घेऊन आत गेले आणि शिवकन्येलाही हाक मारली; बॅटरी धरायला आणि बाळ पुसायला आणखी दोघी होत्याच. शिवकन्या वर्गात पहिली. वहीत वीस बाळंतपणं, मोत्यासारख्या अक्षरात.

"शिवकन्या, हातमोजे घाल. हे तू कर. गुलशन, बघ आणि शिक जरा." मला गुलशनची जिरवायची होती. आवडाबाईचा विचारही माझ्या डोक्यात नव्हता.

बाळाचं डोकं दिसायला लागलं. शिवकन्येचे हात तसेच अधांतरी.

"मॅडम, आता काय करू?"

"वीस वेळा केलंस ते कर."

तिचं तोंड रडवेलं झालं. "मी दरवेळी बाळच पुसलंय, मॅडम."

आवडाबाई ओरडली, "येत नसंल तर बाजूला व्हा की गं बायांनो! हितं माझा जीव चाललाय!"

मी पुढं होईपर्यंत गुलशनचे मोजे चढलेही होते. एक तळवा डोक्यावर, दुसरा खाली आधाराला. "ताई, आता जोर नका लावू. तोंडानं श्वास घ्या. हां, असंच." बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता. तिनं तो बोटानं अलगद सोडवला. मुलगी झाली, रडली. मी बघत उभी होते. हे माझं मार्गदर्शन!

हात धुऊन वळले तर शिवकन्येनं, वीस भरली असूनही, केबिनमधून वही आणून उघडली होती. बॅटरी धरणारी आणि बाळ पुसणारी, दोघी तिला बिलगून उभ्या होत्या. "आवडाबाईंचं वय काय लिहायचं गं?" शिवकन्या विचारत होती. तिला लाजही वाटत नव्हती, आणि का वाटावी? मीच शिकवलं होतं.

मी चाळीसही वह्या मागवल्या. खोट्या नोंदींखालची माझी सही एकेक करून खोडली. नानासाहेब केबिनमधून धावत आले.

"वेड लागलंय का? पोरींच्या आयुष्याचं वाटोळं कराल!"

"ज्या पोरीनं जे केलं, तेवढ्यावरच सही करीन," मी म्हणाले.

त्यांनी मला त्याच दिवशी काढलं. दुसऱ्या सकाळी नवी मॅडम आली, नव्या वह्या आल्या. तिनं जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या सह्या उरकल्या. बाई कामाला भलतीच चपळ. एकोणचाळीस जणी परीक्षेला बसल्या. गुलशननं नव्या वहीतही आठच लिहिली आणि ती राहिली.

मे महिन्यात ती माझ्या घरी आली, निकाहचं आमंत्रण घेऊन. मी तिची समजूत काढायला लागले. आपण कसं खोट्याला नाही म्हणालो, मी नोकरीवर कसं पाणी सोडलं, अशी माझीच टिमकी वाजवत बसले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, त्याच्या आधी तुम्ही किती वर्षं सह्या केल्या?"

"अकरा."

तिनं चहा संपवला, सलाम करून ती निघून गेली. दर वर्षाच्या चाळीस जणी. गावोगावच्या दवाखान्यांत त्या आज सिस्टर आहेत, माझ्या सहीवर.