ओल जाते कुठे?

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली, सिंकला खेटून उभे असलेले मी एक जुने यंत्र आहे. कपडे धुणे आणि वाळवणे, दोन्ही कामे मीच करते. आता माझ्या दाराचे रबर काळवंडले आहे आणि फिरताना मी थोडे कुरकुरते.

कारखान्यात माझ्या पोटात नळ्यांची दोन वेटोळी बसवली, एक गरम होणारे आणि एक गार होणारे. ती कशासाठी, हे तेव्हा माझे मलाच ठाऊक नव्हते.

दुकानात लोक माझ्या आत डोकावत आणि शेजारच्या मोठ्या यंत्राकडे वळत. त्याला मागे जाड नळी होती. कपड्यांतली दमट हवा ते भिंतीबाहेर फेकत असे. मला तशी नळीच नव्हती.

एके दिवशी आई, बाबा आणि त्यांची थोरली मुलगी दुकानात आली. त्यांचे घर दोन खोल्यांचे, गॅलरी नाही. ओले कपडे धाकटीच्या पलंगाच्या वर दोरी बांधून वाळत घालत. त्या खोलीच्या भिंतीवर बुरशी धरली आणि धाकटीची छाती भरू लागली. डॉक्टरांनी बजावले होते, "आधी ती दोरी काढा, मग औषधाचं बोलू."

विक्रेत्याने विचारले, "भिंतीला भोक पाडता येईल का?"

"भोक?" आई म्हणाली. "अहो, खिळा ठोकला तरी घरमालक धावत येतात!"

"मग हे न्या. याला भोक लागत नाही."

बाबांनी टेपने माझी रुंदी मोजली आणि ते खूश झाले. थोरलीने मात्र विचारले, "पण मग कपड्यांतली ओल जाते कुठे?"

"आतल्या आत जिरते," असे म्हणून विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येताच बाबांनी साठलेले सगळे कपडे माझ्या पोटात कोंबले. धुणे झाले, वाळवणे सुरू झाले. बाबांनी माझ्या पाठीमागे हात घालून पाहिला. गरम हवा येईना. त्यांनी दार उघडून कपडे चाचपले, बंद केले, पुन्हा उघडले. शेवटी कपडे निघाले ते ओलसरच.

"फसवलं आपल्याला," बाबा म्हणाले. "हवा बाहेर येत नाही म्हणजे हे वाळवतच नाही. उद्या परत देऊन टाकू."

"आणि आज हे कपडे कुठे घालू?" आईने विचारले.

बाबांनी पुन्हा दोरी बांधली. खालून धाकटी खोकत म्हणाली, "बाबा, माझ्यावर थेंब पडतोय." मला बोलता आले असते तर किती बरे झाले असते!

सकाळी थोरली म्हणाली, "परत न्यायच्या आधी मी एकदा बघू?"

"बघा, मेकॅनिकबाई!" बाबा म्हणाले.

तिने दोरीवरचे निम्मेच कपडे माझ्यात घातले, माझा नळ बंद केला आणि नुसते वाळवणे सुरू केले. दार न उघडता ती सिंकपाशी बसून राहिली. थोड्या वेळाने माझ्या सांडपाण्याच्या नळीतून बारीक धारेने पाणी आले.

"आई! नळ बंद आहे, मग हे पाणी कुठलं?"

आईने ओट्यावरच्या गार पाण्याच्या पेल्याकडे पाहिले. त्याच्या बाहेरून थेंब ओघळत होते. "अगं, पेल्याला घाम फुटतो ना, तसंच असणार!"

तेव्हा कुठे मला माझेच पोट कळले. गरम वेटोळ्यावर तापलेली हवा कपड्यांतली ओल उचलते, गार वेटोळ्यापाशी ती ओल थेंब होऊन गळते आणि तीच हवा पुन्हा तापायला जाते. मग ती बाहेर येणार कशी?

"पण मग काल कपडे ओले का राहिले?" बाबांनी विचारले.

"गळ्यापर्यंत भरलंत, बाबा! हवेनं फिरायचं कुठून? त्यात सारखं दार उघडत होतात."

तोवर कपडे कोरडे निघाले. सावकाश वाळले होते, पण कोरडे होते. बाबांनी डोके खाजवले. "म्हणजे मी उगाच याच्या पाठीत हात घालत होतो?"

"गुदगुल्या करत होतात," आई म्हणाली.

त्याच दिवशी दोरी उतरली. हळूहळू भिंत कोरडी झाली आणि धाकटी तोंड मिटून शांत झोपू लागली.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माझ्या गाळणीवर कपड्यांची लव साचते आणि हवेची वाट अडते. मध्यंतरी कितीतरी दिवस तिकडे कुणी पाहिलेच नाही. मी दमून फिरत राहिले आणि 'म्हातारं झालं' हे ऐकून घेतले. यंत्राला मोडीत काढण्याआधी त्याला नीट श्वास घेता येतोय ना, एवढे तरी बघा.

आता गाळणी धाकटी साफ करते. करड्या लवेची मऊ गादी चिमटीत धरून ती दरवेळी म्हणते, "बघा, हे सगळं माझ्या छातीत गेलं असतं!" तसे ते तितकेसे खरे नाही. पण ती गाळणी कधी विसरत नाही, म्हणून मी आपले गप्प राहते.