मी शिवकन्या बोलतेय

परळीच्या मोंढ्यात गुरुलिंग बझारचं शटर वर गेलं की आधी लाइट लागायचे आणि मग स्पीकरवर शिवकन्येचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. ‘नमस्कार. गुरुलिंग बझारमध्ये आपलं स्वागत आहे. चपला बाहेर काढू नका, आत या.’ शेवटचं वाक्य तिनं स्वतःच्या मनानं घातलं होतं. चकचकीत फरशी बघून खेड्यावरच्या बायका दारातच चपला काढायच्या आणि परत जाताना त्यावरून भांडणं व्हायची.

शिवकन्या म्हणजे दुकानाच्या मालकांच्या मुलाची, वीरेशची बायको. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला लातूरच्या एका दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. लिंगायतांत माणसाला बसवून, हातात इष्टलिंग देऊन मातीत ठेवतात. तिला मात्र अनोळखी माणसांनी परक्या गावच्या स्मशानात अग्नी दिला. घरच्या कुणाला जवळ जाता आलं नाही. मंत्र म्हणायला जंगम नाही, आणि बेल वाहायला समाधीही नाही.

दुकानातला आवाज तेवढा राहिला. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही, ज्याला सुचलं त्याची हिंमत झाली नाही. वीरेशचे वडील महारुद्रआप्पा यांनी तर अंबाजोगाईला, मग केजला आणि माजलगावला नवी दुकानं उघडली तेव्हा पहिल्या दिवशी आधी तोच आवाज लावायला सांगितला. एका कापडाच्या दुकानाची आता चार गावांत चार मजली दुकानं झाली होती. खाली किराणा, वर कपडे, त्याच्या वर भांडी आणि फर्निचर, सगळ्यात वर फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन. हप्त्यावर माल द्यायला लागल्यापासून वरच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नसायची. त्यातून पैसा आला आणि आप्पांनी धर्मापुरीच्या रस्त्याला जमीन घेऊन प्लॉट पाडले. कमानीवर नाव टाकलं, ‘शिवकन्या नगरी’.

हप्त्यांचं काम उत्तरेश्वर बघायचा. पुण्यात दोनतीन कंपन्या करून आलेला, हुशार पोरगा. हप्ता मागायला गेलेल्या माणसांना लोक शिव्या देतात, फोन उचलत नाहीत, ही त्याची रोजची कटकट होती. एक दिवस तो आप्पांच्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन आला. वीरेशही तिथंच होता.

‘आप्पा, वहिनींच्या जुन्या रेकॉर्डिंग संगणकाला ऐकवल्या,’ तो म्हणाला. ‘आता आपण लिहून देऊ ते तो वहिनींच्या आवाजात बोलतो. ऐका.’

‘नमस्कार. मी गुरुलिंग बझारमधून शिवकन्या बोलतेय. आपला या महिन्याचा हप्ता राहिला आहे.’

वीरेशच्या अंगावर काटा आला. ‘बोलतेय’मधला ‘ते’ ती जरा लांबवायची, तोसुद्धा तसाच लांबला होता. जे वाक्य ती जन्मात बोलली नव्हती ते ती बोलत होती. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

‘पुन्यांदा लाव,’ ते म्हणाले.

महिन्याभरात वसुली अशी सुधारली की बँकेचे लोक विचारायला आले. ज्यांना ती गेल्याचं माहीत नव्हतं ते म्हणायचे, मालकीणबाईचा सोताचा फोन आलता, कसं न्हाई म्हणायचं? ज्यांना माहीत होतं ते आणखी लवकर भरायचे. घाटनांदूरचा म्हाळू नावाचा गिऱ्हाईक काउंटरवर पैसे ठेवून हात जोडून उभा राहिला. ‘मालक, भरले म्हणून सांगा त्यास्नी. घरी फोन करू नका म्हणावं. बायको झोपंना झालीय.’

वीरेशनं मान हलवली. कुणाला सांगायचं, हे त्याला कळलं नाही.

वसुलीवर अंगद नावाचा माणूस होता. कुणाच्याही दारात जाऊन उभा राहणारा, तोंडानं फाटका. तो एका सकाळी वीरेशकडं आला आणि खुर्ची समोर असून उभाच राहिला.

‘एक खातं हाय मालक. मिक्सर नेलाय. एक हप्ता भरला, मग बंद. मी जाणार न्हाई तिथं.’

‘कावून?’

‘धर्मापुरीचं हाय. मल्लम्मा बसवप्पा.’

मल्लम्मा म्हणजे शिवकन्येची आई.

‘त्यांना मिक्सर पाहिजे होता तर मला सांगायचं,’ तो म्हणाला.

‘तेच म्हणतो मी. हप्त्यावर न्यायची काय गरज? आन त्यांचं सोताचं किराणा दुकान हाय, चांगलं चालतंय. भरायला पैसे न्हाईत असं बी न्हाई.’

त्याच दिवशी वीरेश गाडी काढून धर्मापुरीला गेला. मल्लम्मा एकटीच राहायची. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, हात तराजूवर. जावयाला बघून तिनं गिऱ्हाईक घाईनं वाटेला लावलं आणि त्याला आत बसवलं. कोपऱ्यात मिक्सरचं खोकं होतं. वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

‘मामी, हे उघडलं बी न्हाई तुमी?’

मल्लम्मा काही बोलणार तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. तिनं हातानं वीरेशला गप्प राहायची खूण केली आणि आवाज मोठा केला.

‘नमस्कार मल्लम्मा बसवप्पा. मी गुरुलिंग बझारमधून शिवकन्या बोलतेय.’

‘बोल गं माय.’

‘आपला मिक्सरचा हप्ता तीन महिन्यांपासून थकला आहे.’

‘व्हय. तू बरी हाईस ना?’

‘हप्ता भरणार असाल तर एक दाबा. अडचण असेल तर दोन दाबा.’

मल्लम्मानं काहीच दाबलं नाही. ‘आज शेवग्याच्या शेंगा केल्यात,’ ती म्हणाली. ‘जावईबापू आलेत. लई वाळलेत. तिकडं कुणी नीट खाऊ घालतंय का न्हाई कुणास ठाऊक.’

‘आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही,’ फोनमधून शिवकन्या म्हणाली आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. बटण दाबलं नाही तर ती तेच पुन्हा सांगते, हे मल्लम्माला सवयीनं माहीत झालं होतं. मधल्या मोकळ्या जागेत ती आपलं बोलून घेत होती. शेजारच्या साखराबाईला नातू झाला. गुळाचा भाव चढलाय. दोघींचं बोलणं असं चाललं होतं की दाराबाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला काही वेगळं वाटलं नसतं.

शेवटी शिवकन्या म्हणाली, ‘हप्ता न भरल्यास आपल्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ आणि फोन बंद झाला.

मल्लम्मा फोनकडं बघत राहिली. ‘पयले असं बोलत न्हवती. पयले नीट विचारायची. गेल्या महिन्यापासून चिडून बोलतीय.’

‘मामी, ती शिवकन्या न्हाई,’ वीरेश म्हणाला. ‘मशीन बोलतंय.’

‘ठाऊक हाय मला.’ मल्लम्मा शांतपणे म्हणाली. ‘मी काय येडी हाय व्हय? माझी लेक लातूरला कशी गेली ते इसरले का मी? पर तुमच्याकडं दुकानभर तिचा आवाज हाय. आप्पांकडं कमानीवर नाव हाय. माझ्याकडं काय हाय? समाधी असती तर सोमवारी जाऊन बेल तरी वाहिला असता.’

‘मला म्हणला असता तर दुकानातली रेकॉर्डिंग आणून दिली असती.’

‘ती लोकांसाठी हाय. हा फोन मला येतो. माझं नाव घेती ती.’ मल्लम्मानं पदराच्या टोकानं फोनची काच पुसली. ‘हप्ता वेळेवर भरला की येत न्हाई, म्हणून भरत न्हाई. तुमचं नुकसान करायचं न्हवतं. पैसे डब्यात बाजूला काढून ठेवलेत सगळे.’

वीरेश उठला. दारापर्यंत गेल्यावर तिनं मागून हाक मारली.

‘जावईबापू, एक काम करता का? ती मला मल्लम्मा बसवप्पा म्हणती. तेवढं आईला अव्वा म्हणायला शिकवा तिला.’

वीरेशनं ते केलं. करू नये असं वाटत असतानाच केलं. उत्तरेश्वरला काही न सांगता फक्त वाक्य लिहून दिलं, ‘अव्वा, जेवलीस का?’ उत्तरेश्वरनं तिथंच बसून आवाज तयार केला आणि मोबाइलवर पाठवला. वीरेशनं तो ऑफिसात ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी धर्मापुरीच्या रस्त्याला गाडी बाजूला घेऊन ऐकला. समोरच शिवकन्या नगरीची कमान होती, तिच्यावर शिवकन्येचा हसरा फोटो. भर दुपारी आखलेले प्लॉट रिकामे पडले होते, माणूस नाही की जनावर नाही, आणि गाडीत ती विचारत होती, अव्वा, जेवलीस का? वीरेशनं मागच्या सीटकडं वळून बघितलं. मग स्वतःच्या वागण्याची लाज वाटून गाडी चालू केली.

मल्लम्मा हात धुऊन, पदर नीट करून समोर बसली. वीरेशनं फोन तिच्या कानाजवळ धरला.

‘अव्वा, जेवलीस का?’

तिचा चेहरा हलला नाही. तिनं विचारलं, ‘कोण बोललं हे?’

‘शिवकन्या.’

‘ती असं म्हणत न्हवती मला.’

‘मग कसं म्हणायची?’

मल्लम्मानं तोंड उघडलं. ‘अव्वा,’ ती म्हणाली. मान हलवली. ‘अव्वाऽ.’ तेही नव्हे. ‘अव्वे... ए अव्वे...’ ती थांबली. परत एकदा प्रयत्न केला, वेगळ्या सुरात, लहान पोरीसारखा. तिचे डोळे भिंतीवर कुठंतरी शोधत होते, जसं एखादी वस्तू ठेवलेल्या जागी सापडत नाही तेव्हा माणूस शोधतो.

‘गेलं की वो,’ ती म्हणाली. ‘कालपतूर होतं माझ्या कानात. आता हेच ऐकू यायलंय.’ तिनं दोन्ही कान हातांनी दाबून धरले. ‘बंद करा आता. सगळीकडचं बंद करा.’

परतीच्या वाटेवर वीरेशनं, शिवकन्या आपल्याला हाक कशी मारायची, ते आठवायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघरातून मारायची, जिन्यावरून मारायची, रागावली की मारायची. तिचा चेहरा समोर आला, ओठ हलताना दिसले. ऐकू मात्र आलं, ‘गुरुलिंग बझारमध्ये आपलं स्वागत आहे.’ परळी येईपर्यंत दुसरं काहीही ऐकू आलं नाही.

आप्पा केबिनमध्ये प्लॉटांचा नकाशा पसरून बसले होते. वीरेशनं सगळं सांगितलं आणि म्हणाला, ‘आप्पा, आवाज बंद करू.’

‘येडा झालास का?’ आप्पा भडकले. ‘सून गेली, आता आवाज बी घालवतो? दिवाळीत बीडचं दुकान उघडायचंय. काय लावू तिथं? ढोल?’

‘आप्पा, ती तुमाला हाक कशी मारायची?’

‘कशी म्हणजे? आप्पा म्हणायची.’

‘कसं म्हणायची? एकदा आठवून बघा.’

आप्पांनी ओठ हलवले. नंतर त्यांनी नकाशाची घडी घालायला घेतली. घडी चुकली, उलगडली, पुन्हा चुकली. शेवटी त्यांनी नकाशा तसाच टेबलावर सोडला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले नाहीत. संध्याकाळी त्यांनीच फोन केला. ‘बंद कर म्हण उत्तरेश्वरला,’ एवढंच म्हणाले.

सगळ्या दुकानांतला आवाज एकाच दिवशी थांबला. हप्त्याचे फोन माणसं करायला लागली आणि शिव्या खायला लागली. नगरीच्या कमानीवरचा फोटो उतरवला, नाव राहिलं, कारण सरकारी कागदांवर तेच होतं. मल्लम्मानं डब्यातले पैसे अंगदच्या हाती दिले आणि मिक्सरचं खोकं साखराबाईच्या सुनेला देऊन टाकलं. तिला अधूनमधून भास व्हायचा. दुकानात बसल्या बसल्या ती एकदम वर बघायची. पण हाक कशी होती ते काही परत आलं नाही.

त्या वर्षी उत्तरेश्वर नोकरी सोडून गेला. जाताना आप्पांच्या पाया पडला.

पुढं बीडच्या दुकानाच्या कामासाठी वीरेशला आठवड्यातून दोनदा तरी जावं लागे. एकदा ड्रायव्हरबरोबर मांजरसुंब्याला चहासाठी थांबला. हॉटेल एक बाई चालवायची. ती भजी तळत होती आणि तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. फोन वाजला. बाईचे हात पिठात होते. तिनं कोपरानंच बटण दाबलं.

‘नमस्कार. मी साईधन फायनान्समधून नेहा बोलतेय.’

वीरेशनं हातातला चहा बाकड्यावर ठेवला. ‘ते’ तसाच लांबला होता.

‘पुण्याजवळ आपल्या हक्काचा प्लॉट, अगदी सोप्या हप्त्यांत...’

‘मरू दे मेलीला,’ बाई म्हणाली आणि कोपरानंच फोन बंद केला. ‘रोजचं हाय दादा हिचं. न्हाई म्हणलं तरी ऐकत न्हाई.’

‘रोज येतो?’

‘रोज. याच टायमाला.’

वीरेशनं लगेच उत्तरेश्वरला फोन लावला. तो बंद होता. साईधन फायनान्सचा पत्ता कुठं मिळतो का बघायला अंगदला सांगितलं. असल्या नावाची कंपनी कुठंच सापडली नाही.

पुढच्या खेपेला वीरेशनं ड्रायव्हरला घरीच ठेवलं, एकटाच निघाला. मांजरसुंब्याला पोचायला उशीर होईल म्हणून गाडी जोरात पळवली. हॉटेलात गेला, चुलीजवळचं बाकडं धरलं, चहा सांगितला.

‘आज एकटेच?’ बाईनं विचारलं.

‘व्हय,’ तो म्हणाला. मग जरा अडखळत म्हणाला, ‘ताई, आज फोन आला तर लगेच कापू नका. पुरं बोलू द्या तिला.’

बाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. हात पुसला, डब्याला टेकवलेला फोन उचलला आणि त्याच्या समोर बाकड्यावर आणून ठेवला.