हाताचं दुखणं पायांवर

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. बसलाच, तर माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं समजा. माझा उजवा हात रात्री मला न विचारता दुकान उघडतो.

धंद्याने मी न्हावी. सारा जन्म एका खुर्चीभोवती गोल फिरण्यात गेला. कात्री केसांत असो की हवेत, कचकच थांबू द्यायची नाही, ही वडिलांची शिकवण. ती थांबली की गिऱ्हाइकाला वाटतं, काहीतरी चुकलं. आता म्हातारपणी ती कचकच हातातच मुरली आहे. ऐन झोपेत पेटका येतो. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट कात्रीत अडकवल्यासारखी वळतात, तळहात दगड होतो, आणि मग बोटं काही केल्या सुटत नाहीत.

इथपर्यंत लोक मान डोलावतात. पुढे मात्र एकमेकांकडे बघू लागतात. एका रात्री या हाताने उशीच्या अभ्र्याची झालर कातरली. कात्री दुकानात, कुलपाच्या आत. काम नुसत्या बोटांचं. दुसऱ्या रात्री खिडकीत झोपलेल्या बोक्याच्या मिशा, दोन्हीकडे अगदी सारख्या. सकाळी बोका बराच वेळ आरशासमोर बसून होता. तक्रार काही दिसली नाही.

हे सगळं मी त्या दिवशी मास्तरांना सांगत होतो. मास्तर शाळेतून कधीच निवृत्त झाले, पण वर्गातला दरारा अजून गेलेला नाही. त्यांची दाढी माझ्याच हातची, आणि तीही वस्तऱ्याने. तोंडाला फेस लावून झाला होता. ब्रश काय, डाव्या हातानेही फिरतो. गप्पा रंगल्या की तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

शेजारच्या खुर्चीवर माझी लेक एकाचे केस कापत होती आणि आरशातून माझ्याकडे बघत होती. हल्ली तिचं एकच पालुपद आहे. बाबा, दाढ्या मी करते, तुम्ही गल्ल्यावर बसा. गल्ल्यावर बसवलेला न्हावी म्हणजे खुंटीला टांगलेला टॉवेल. वस्तरा एकदा हातातून गेला की परत मिळत नसतो. माणूस गळा पुढे करतो तो हात बघून करतो, आणि मला दुसरं कुठलंही काम येत नाही.

भिंतीजवळच्या बाकावर आमची ही बसली होती. डबा द्यायला आली आणि तिथेच टेकली. बसल्या जागी तिचा डोळा लागला होता. तिचा काय दोष? रोज रात्री उठून ती गरम पाण्याचं भांडं आणते आणि झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं सोडवावं तसं माझं एकेक बोट सोडवते. मग मी हात झटकत खाटेभोवती फेऱ्या मारतो, आणि ती भिंतीला पाठ लावून बसून राहते. सकाळी दोघंही रात्रपाळी करून आल्यासारखे दिसतो.

शेवटी तिनेच मला ओढून डॉक्टरकडे नेलं. मास्तरांना म्हटलं, आता ऐका. मी हात टेबलावर ठेवला, तर भर दिवसा पेटका आला. हाताने डॉक्टरांचा टाय धरला, त्यांना जवळ ओढलं आणि कानावरच्या बटा सफाईने उतरवल्या. डॉक्टर चिडले नाहीत. आरसा मागवला, मान वळवून बघितली, छान झालंय म्हणाले. पण आजार पायांचा आहे म्हणाले. रात्री उठून फेऱ्या मारता, फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, म्हणजे पायच अस्वस्थ. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पाय असे झोपतात की सकाळी मी उठतो आणि त्यांना वेगळी हाक मारावी लागते. हाताला मात्र कसलाही फरक नाही.

मास्तरांच्या गालावर फेस वाळून त्याला भेगा पडत होत्या. मी डाव्या हाताने पुन्हा ब्रश भिजवला.

"अरे, हा तिसऱ्यांदा फेस," मास्तर म्हणाले. "आणि समोर हात दिसत असताना तो डॉक्टर पाय कशाला म्हणेल?"

"तेच तर, मास्तर. शिकलेला माणूस, पण निदान चुकलं. मला पहिल्यापासून शंका आहे."

लेकीची कात्री थांबली. तिच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने दचकून आरशात बघितलं. मी मास्तरांना विचारणार होतो की बोक्याचं पुढे काय झालं ते सांगू का, तेवढ्यात बाकावरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"हात दाखवलात कधी तुम्ही डॉक्टरांना? मीच वेडी, फेऱ्यांचं सांगत बसले. मला वाटलं, हाताचं तुम्ही सांगाल. पूर्ण वेळ तो हात खिशात होता तुमचा." मग तिने डोळे उघडले. "आणि आत्ताही खिशातच आहे. काढा बघू बाहेर."