सांभाळायला दिलेला पासपोर्ट

मी एक पासपोर्ट बोलतोय. गडद निळ्या कव्हरचा, बहुतेक पानं अजून कोरी. सध्या एका जीपच्या सीटखाली, चेन लावलेल्या पिशवीत पडलोय. वेळ थोडा आहे, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही.

मी छापून निघालो नाशिकला. नाव, फोटो आणि सही चढली तेव्हा औशाच्या श्रीमंत नावाच्या सरांचा झालो. त्याआधी त्यांच्या चौकशीला आलेल्या पोलिसानं दोन कप चहा घेतला आणि शेजाऱ्याला विचारलं, "माणूस कसा हाय?" शेजारी म्हणाला, "देवमाणूस. कुणाला न्हाई म्हणायचं जमतच न्हाई बघा त्यांना." पोलिसानं ते चांगलं म्हणून लिहून घेतलं.

सर भूगोल शिकवायचे. तीस वर्षं त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून पोरांना तिएन शान पर्वत दाखवला. स्वतः मात्र बालाघाटाच्या टेकड्यांपलीकडं काही पाहिलं नव्हतं. मला हौसेनं काढलं आणि सहा वर्षं कपाटात ठेवलं, त्यांच्या बायकोच्या, सिंधुताईंच्या, शालूखाली, डांबरगोळ्यांच्या वासात. दर उन्हाळ्यात बाहेर काढायचे, पानं चाळायचे, परत ठेवायचे. कधी लेकीचं बाळंतपण, कधी विहिरीचं काम. मला लई राग यायचा. आता वाटतं, तिथंच बरा होतो.

यंदा सर निवृत्त झाले आणि एका सहलीबरोबर कझाकस्तानात, अल्माटीला आले. पहिला शिक्का बसला तेव्हा मी धन्य झालो! पण सहलीवाल्यांनी बसच्या काचेतून तेच तिएन शानचे डोंगर दाखवले आणि सगळ्यांना बाजारात नेऊन सोडलं. सर हिरमुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॉटेलात फोनवर बोलत होते, "सिंधू, हितला च्या म्हंजे नुसतं कढत पाणी हाय." शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला.

"कुणीकडलं म्हणायचं, सर?"

"औसा. लातूर जिल्हा."

"आरं वा! माझ्या थोरल्या बहिणीला औशालाच दिलंय की."

"कुणाच्या घरी?"

"पाटलाच्या."

झालं! आमच्याकडं दोन माणसं भेटली की आधी नातं शोधतात, आणि ते सापडलं की पुढची चौकशी बंद होते. औशात पाटलांची घरं किती, हे सरांना ठाऊक होतं. पण खोदून विचारायची त्यांना भीड पडली.

त्या माणसानं आपलं नाव बालाजी सांगितलं. त्याच्याकडं जीप होती, तंबू होता, स्टोव्ह होता. सात दिवस डोंगराच्या कडेनं पूर्वेला जायचं, रोज नव्या जागी तंबू ठोकायचा. त्याला फक्त सोबत हवी होती. सरांनी सहलीवाल्यांना चिठ्ठी लिहून दिली की मी माझ्या जबाबदारीवर जातोय. मग घरी फोन लावला.

"कोणत्या पाटलाच्या घरी, इचारलाव का?" सिंधुताईंनी विचारलं.

"असं खोदून इचारतेत का कुणी? आपल्याकडचंच माणूस हाय."

ताई पुन्हा तेच विचारायच्या आत सरांनी फोन ठेवला.

पहिले दोन दिवस सर लहान पोरासारखे आनंदात होते. बर्फाचा डोंगर समोर आला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि चक्क हात जोडले. तिसऱ्या सकाळी तंबू गुंडाळताना बालाजी म्हणाला, "पुढं सीमेजवळ चौक्या लागतेत. सगळे कागद एका ठिकाणी बरे. द्या, मी सांभाळतो."

शाळेच्या प्रत्येक सहलीत सर सगळ्यांची तिकिटं अशीच स्वतःच्या पिशवीत ठेवायचे. त्यांना यात वावगं काही दिसलंच नाही. त्यांनी मला खिशातून काढून त्याच्या हातात दिलं.

पिशवीत मी एकटा नव्हतो. मराठवाड्यातल्याच हदगावच्या कुणा केरबाचा पासपोर्ट तिथं होता, कोपरे फुगलेला.

"तुझे मालक कुठंयत?" मी विचारलं.

"मागच्या साली पाणी आणायला उतरले," तो म्हणाला. "तुझेही 'आपल्याकडचंच माणूस' म्हणाले का?"

पिशवीच्या तळाशी जीपवाल्याचा स्वतःचा पासपोर्ट होता. फोटो त्याचाच होता. नाव बालाजी नव्हतं, आणि जन्मगावाच्या जागी मराठवाड्यातलं कुठलंच गाव नव्हतं. आमची बोली त्यानं केरबाकडून उचलली की आणखी कुणाकडून, देव जाणे.

दुसरी चौकी मागं पडल्यावर सरांनी एकदा विचारलं, "पाव्हणं, तेवढा माझा पासपोर्ट..."

"इस्वास न्हाई का, सर?"

"तसं न्हाई, तसं न्हाई," सर वरमले. वर त्यांनीच माफी मागितली. मी आतून नुसता तडफडत होतो.

आज दुपारी गाडी एका ओढ्याजवळ थांबली. "सर, तेवढं पाणी आणता का? तवर मी च्या ठिवतो." सरांनी कॅन उचलला. फोन चार्जिंगला गाडीतच होता, जाड कोट सीटवर होता. ऊन पडलंय, कोट कशाला, असं म्हणत ते उतरले.

दार आपटलं. स्टोव्ह काही पेटला नाही. गाडी सुरू झाली.

मागून सरांची हाक आली. मला वाटलं, चोर म्हणून ओरडतील. पण ते ओरडत होते, "पाव्हणं! अवं पाव्हणं, मी ऱ्हायलो की!"

ती हाक बराच वेळ ऐकू येत होती. आता येत नाही.

माझ्यावाचून त्या मुलखात सर कोण, हे सांगणारा एकही कागद त्यांच्याजवळ नाही. तुमच्यापैकी कुणी औशाचं असेल तर सिंधुताईंना एवढं कळवा: दुसऱ्या चौकीच्या पुढं, उजव्या हाताच्या ओढ्यापाशी. अंगात कोट नाही. इथं दिवस मावळला की पाणी गोठतं. लवकर जा म्हणावं. ते त्या जागेवरून हलणार नाहीत, कारण पाहुणा परत येईल अशीच त्यांची खात्री आहे.