तोफगोळा म्हणून माझा सत्कार झाला

रविवारी सकाळी अकरा वाजता धुळ्यातील एका सभागृहात माझ्यासमोर नारळ फुटला. मला झेंडूचा हार घातला गेला, टाळ्या वाजल्या आणि माझ्यापुढे ठेवलेली पाटी मोठ्याने वाचली गेली : ‘सोनगीर किल्ल्याच्या पायथ्याशी मिळालेला दगडी तोफगोळा. शोध : हितेंद्र.’

मित्रांनो, मी एक जुना दगडी गोटा आहे. तोफगोळा नाही. कधीच नव्हतो. कोणत्याही लढाईत मी कोणाच्या भिंतीवर आदळलेलो नाही. पण त्या सभागृहात मला तोंड नव्हते, आणि असते तरी त्या क्षणी मी ते उघडले असते, असे खात्रीने सांगता येत नाही. हार गळ्यात पडला तेव्हा मला बरे वाटले होते. लाजेची पहिली गोष्ट ही.

माझा जन्म सोनगीरच्या किल्ल्यावरून दिसणाऱ्या एका लहान गावातला. गावात तालीम होती आणि तालमीच्या दारात एक मोठा गोटा होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सणाला गावातले तरुण तो गोटा उचलत. ज्याच्या छातीपर्यंत गोटा चढे, त्याला फेटा बांधत. पण गावाच्या कडेला आमची वस्ती होती आणि वस्तीतल्या माणसाने त्या गोट्याला हात लावलेला गावाला चालत नसे. लांबून पाहावे, टाळ्या वाजवाव्यात, एवढीच मुभा होती.

वस्तीतला पुना मुंबई-आग्रा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. एका आखाजीला तो तालमीतला गोटा लांबूनच पाहून घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याने टेकडीवरून एक काळा दगड गडगडत आणला आणि अंगणात बसून तो घडवायला घेतला. कामावरून आल्यावर रोज थोडा थोडा. बायकोने विचारले, तेव्हा म्हणाला, “त्यासना गोटापेक्षा जड करस.” मी गोल झालो, गुळगुळीत झालो. दोन्ही अंगांना त्याने बोटे रुतण्यापुरत्या खोबण्या पाडल्या आणि मला वस्तीच्या मधोमध ठेवले.

पहिली काही वर्षे मला कोणी छातीपर्यंत नेले नाही. पुना स्वतः गुडघ्यापर्यंत नेई आणि सोडून देई. मग त्याचा मुलगा चिंधा मोठा झाला. चिंधाचे लग्न झाले त्या वर्षीच्या आखाजीला त्याने मला उचलले. गुडघा, मांडी, पोट, छाती. छातीशी धरून तो एक फेरी फिरला आणि नव्या सुनेच्या उंबऱ्यापुढे मला सोडले. उंबऱ्याच्या दगडावर आपटून माझा टवका उडाला. ती नवी सून, म्हणजे त्याची बायको पार्वताबाई, दारातून ओरडली, “घर फोडानं शे का तुमले?” सगळी वस्ती हसली. पुढच्या वर्षी तालमीतले दोन पोरगे स्वतःहून वस्तीत आले आणि माझ्याशी झटले. त्यांनी मला हात लावला, हे वस्तीने बरीच वर्षे एकमेकांना सांगितले. या घटनेचे छायाचित्र नाही. साक्षीदार होते. त्यातली एक हयात आहे.

नंतर चिंधा थकला आणि वारला. पोरे शिकायला धुळ्याला, नाशिकला गेली. मला शेळी बांधू लागले, मग तेही बंद झाले. वस्तीच्या अंगणात सिमेंट टाकायचे ठरले, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी मला विटांच्या तुकड्यांबरोबर ट्रॅक्टरमध्ये भरले आणि सोनगीरच्या किल्ल्याखाली ओतून दिले. पार्वताबाई तेव्हा मुलाकडे नाशिकला होती. परत आल्यावर तिने मला शोधले की नाही, हे मला त्या वेळी कळण्याचा मार्ग नव्हता.

तिथेच मला हितेंद्र सापडला, किंवा मी त्याला. हितेंद्र जळगावात विमा विकतो आणि रविवारी किल्ले पाहतो. त्याच्यासारख्या जळगाव-धुळ्यातल्या हौशी माणसांचे एक मंडळ आहे. ही माणसे स्वतःच्या खर्चाने फिरतात, बुरुजावरची झाडे काढतात, टाक्यातला गाळ उपसतात. दुपारी झाडाखाली वांग्याचे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाताना एकाने एखाद्या जुन्या बारवेचा विषय काढला की दुसऱ्याला नाणे आठवते, आणि बोलणे संपत नाही. मी त्यांची निंदा करणार नाही. माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहणारी माणसे मला कित्येक वर्षांत भेटली नव्हती.

पण मंडळाची एक रीत होती. ज्याला वस्तू सापडेल, त्याने तिचे पहिले नाव सांगायचे आणि बाकीच्यांनी दाद द्यायची. शंका नंतर. किल्ल्याखाली, ढिगाऱ्यात, गोल दगड. हितेंद्र गुडघ्यांवर बसला, हाताने माती पुसली आणि ओरडला, “नाना, तोफगोळा!”

चुडामण नाना म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, असोद्याचे निवृत्त मुख्याध्यापक. ते धापा टाकत आले आणि त्यांनी हितेंद्रला मिठी मारली. चोपड्याची रूपाली तिथल्या शाळेत गणित शिकवते. तिने मला वाकून सगळीकडून पाहिले.

“भाऊ, तोफगोळ्याला बोटांच्या खोबण्या कशाला?”

“उचलायला,” हितेंद्र म्हणाला. सगळे हसले.

“आणि एवढा गोळा जाईल अशी तोफ इथे होती का? निदान वजन तरी करू या.”

“रूपाली, तू इतिहासाला पण गुणाकार लावतेस,” नाना म्हणाले. “आज आनंद करू दे ना पोराला.”

ती शंका नंतर कोणी काढली नाही. मंडळाने मला आपल्या संग्रहासाठी धुळ्यातील त्या सभागृहात आणून ठेवले. आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आली. शाळांची मुले येऊन माझ्याबरोबर फोटो काढून गेली. एका लहान मुलीने माझ्या पाया पडल्यासारखे केले. तेव्हा मात्र मला जमिनीत जावेसे वाटले. मला घडवणाऱ्याचे नाव त्या मुलीला कोणी सांगितले नव्हते. ज्याने मला छातीपर्यंत नेले त्याचेही नाही. त्यांच्या जागी कोणत्या तरी अनोळखी सैन्याची तोफ उभी होती.

मग तो सत्काराचा रविवार. नारळ फुटला, भाषणे झाली आणि लोक रांगेने मला पाहू लागले. रांगेत शिल्पा होती. ती धुळ्यात एका बँकेत काम करते आणि मंडळात नवीन आहे. आजीला कार्यक्रम दाखवायला घेऊन आली होती. आजी म्हणजे पार्वताबाई. काठी टेकत ती माझ्यापुढे आली आणि थांबली. परगावी जाऊन बापाचे नाव बदलून सांगणाऱ्या मुलाकडे आई जशी पाहील, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली. मला नजर वळवता येत नाही. तिची नजर मी पूर्ण सोसली.

“हाऊ त आमना गोटा शे,” ती म्हणाली.

“आजी, तोफगोळा आहे तो. किल्ल्याचा,” हितेंद्र हसून म्हणाला.

“तोफ कसानी नि काय नि! मन्हा सासरानी घडेल शे हाऊ. मन्हा मालकनी छातीलगून उचला व्हता.” तिने हार बाजूला सारला आणि टवक्यावर बोट ठेवले. “हाई मन्हा उंबरावर फुटेल शे. बोटं लाईसन दखा.”

मागून कोणीतरी म्हणाले, “वय झालंय, गैरसमज होत असेल.” शिल्पा मागे वळली. “वय झालंय, डोळे गेलेले नाहीत.”

हितेंद्रने खाली बसून माझ्या दोन्ही खोबण्यांत बोटे घातली. ती नीट बसली. त्याने जोर लावला. मी हललो नाही. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग उठून त्याने पाटी काढली आणि पालथी करून खिशात घातली. लोकांना वाटले, कार्यक्रम संपला.

लोक गेल्यावर नाना हलक्या आवाजात म्हणाले, “बातमी छापून आलीय, हितेंद्र. आता माघार घेतली तर पुढच्या वेळी आपल्यावर कोण विश्वास ठेवेल?”

“आणि नाही घेतली तर, नाना?” रूपालीने विचारले. “आजींनी सगळ्यांसमोर सांगितलंय.”

“अगं, मग नवी पाटी करू. आजींच्या सासऱ्यांचं, नवऱ्याचं नाव घालू. मी कुठे नाही म्हणतो? पण दगड संग्रहात राहील. तिकडे पुन्हा शेळ्या बांधतील त्याला.”

मित्रांनो, नाना अगदीच चुकीचे बोलले नाहीत. मला शेळ्या बांधल्याच होत्या. पण तुम्हाला कधी एखादी जुनी वस्तू सापडली, तर तिला नाव देण्याआधी जवळच्या घराचे दार वाजवा. तिथे कोणीतरी म्हातारे माणूस बसलेले असेल. त्याला विचारायला वेळ लागत नाही. न विचारता केलेले कौतुक वस्तूला फार जड जाते, हे मी स्वतः जड असून सांगतो.

मंगळवारी हितेंद्र एकटा आमच्या गावी जाऊन आला. तिथे काय झाले ते त्याने परत येऊन रूपालीला माझ्यासमोरच सांगितले. नव्या पाटीसाठी तो पार्वताबाईकडून सगळी हकिगत विचारून घेणार होता. तिने चहा दिला आणि म्हणाली, “पयले त्याले घर लई या. मंग मी बठ्ठं सांगसू.” आखाजी जवळ आली आहे. वस्तीतली पोरे सुट्टीला येणार आहेत.

काल संध्याकाळी हितेंद्र दोन माणसे आणि गोणपाट घेऊन सभागृहावर आला. रखवालदाराने दार उघडले नाही. नानांनी सांगितल्याशिवाय दगड हलवू द्यायचा नाही, असे त्याला बजावलेले आहे. हितेंद्रने बाहेर उभे राहून नानांना फोन लावला. दाराआडून मला त्याचे एवढेच शब्द ऐकू आले : “नाना, चूक माझी आहे. दगड माझा नाही.” पलीकडचे उत्तर ऐकू आले नाही.

आज सकाळी तो मला वस्तीत न्यायची परवानगी मागायला असोद्याला नानांच्या घरी गेला आहे. रूपालीही चोपड्याहून तिकडेच निघाल्याचे शिल्पाने रखवालदाराला सांगितले. दुपारपर्यंत सभागृहाचे दार उघडलेले नाही.