दोन मैराळसुत

पीएच.डी.च्या खुल्या मौखिकीत मार्गदर्शकानं काय करायचं असतं? पहिल्या रांगेत बसायचं, अधूनमधून मान डोलवायची आणि शेवटी पेढा खायचा. बोलायचं परीक्षकांनी आणि घाम फुटायचा तो उमेदवाराला. हा रिवाज ज्यानं कुणी घातला त्याला रत्नमाला हिवराळेनं त्या सकाळी मनोमन हात जोडले. कारण तिचे मार्गदर्शक डॉ. रामकिसन वाघचौरे, जुन्या मराठी कवितेचे अख्ख्या मराठवाड्यानं मानलेले अभ्यासक, आज तोंड उघडणार नाहीत यावर तिची पदवी टांगलेली होती.

दिसायला सर ठणठणीत होते. कडक इस्त्रीचा सदरा, खणखणीत आवाज. एक ओळ म्हणा, पुढचं सगळं पद तोंडपाठ. कविता जशीच्या तशी शाबूत होती, माणसं मात्र एकेक करून गळत चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातवाचं गेलं, आणि मागच्या दिवाळीला पुण्याहून आलेल्या पोटच्या पोराला सरांनी अदबीनं विचारलं, "आपण कुठले?" डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, पण सरांच्या पत्नीनं, करुणाकाकूंनी, ते उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या माणसाच्या स्मरणशक्तीचे किस्से विद्यापीठात सांगतात, त्याची लोकांनी कीव करावी हे काकूंना मरणाहून वाईट वाटत होतं.

रत्नमालानंही तोंड शिवून घेतलं. खरं सांगायचं तर त्यात माया होती तसा स्वार्थही होता. सर निवृत्त होण्याआधी नोंदणी झालेली ती त्यांची शेवटची विद्यार्थिनी. आठवडाभर कन्नड गावातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि रविवारी आपल्या मुकुंदवाडीच्या घरातलं सगळं आटोपून सरांकडे प्रकरणं वाचून दाखवायला जायचं, असा तिचा शिरस्ता. सुरुवातीची प्रकरणं सरांनी अक्षरशः फाडून टाकली होती, पुन्हा लिहून घेतली होती. शेवटची दोन मात्र त्यांनी दर खेपेला नव्यानं ऐकावीत तशी ऐकली, आणि प्रमाणपत्रावर हाताच्या सवयीनं सही केली. हे बाहेर फुटलं तर लोक म्हणणार, ज्याला विद्यार्थिनीच ओळखू येत नाही त्यानं मार्गदर्शन काय केलं? मग नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, पुन्हा श्रीगणेशा. इकडे कन्नडची कायम जागा याच महिन्यात निघालेली, आणि पदवी नसेल त्यानं मुलाखतीच्या दारातही उभं राहायचं नाही. बाईनं चाळिशी ओलांडलेली. पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याइतकी उमेद तिच्यात उरली नव्हती.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बाहेरचे परीक्षक म्हणून नाव आलं ते डॉ. साहेबराव थोरे यांचं.

साहेबराव हे सरांचे पहिले विद्यार्थी आणि पहिले वैरी. भांडण होतं एका कवीवरून. मैराळसुत नावाचा तीनेकशे वर्षांपूर्वीचा कवी. त्याची निम्मी पदं गोड, बायकोला 'सये' म्हणत गावातल्या देवळाचं कौतुक करणारी. उरलेली निम्मी दुष्काळानंतरची, करपलेली.

देवा तुझ्या घरी नैवेद्याचे ताट ।
माझ्या दारी वाट कावळ्यांची ॥

सरांनी तरुणपणी जाडजूड पुस्तक लिहून सिद्ध केलं की हे दोन वेगळे कवी आहेत, नाव तेवढं एक. या पुस्तकावर सरांचं नाव झालं, पिढ्यांनी ते अभ्यासलं. साहेबरावांनी भर सभेत म्हटलं होतं, "सर, कवी एकच आहे." सरांनी विचारलं, "पुरावा?" साहेबरावांकडे तो नव्हता. सगळी सभा हसली आणि साहेबराव सरांच्या घरची पायरी कायमची उतरले. रत्नमालाचा प्रबंध उभा होता तो सरांच्या याच सिद्धांतावर.

विभागाच्या सभागृहात काकू सरांना घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. सरांचा हात त्यांनी पदराआड धरून ठेवला होता. ठरलं होतं ते एवढंच, की सरांनी बसायचं, आणि चुळबुळ सुरू झाली की काकूंनी "ह्यांची गोळीची वेळ झाली" म्हणत त्यांना उठवायचं. लोक येत, पाया पडत. सर प्रत्येकाला "सुखी राहा" म्हणत. आशीर्वादाला ओळख लागत नाही, ते एक बरं.

तेवढ्यात साहेबराव आले. केस पिकलेले, चाल तीच. ते सरळ सरांपुढे येऊन उभे राहिले.

"नमस्कार सर. ओळखलंत का?"

आपल्याकडे हा प्रश्न लोक उठसूट विचारतात. आज मात्र तो नेमका नको तिथं पडला होता. सर साहेबरावांकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं सौजन्य होतं, ओळखीची खूण कुठेच नव्हती.

"आता साहेबरावांना कोण नाय ओळखत?" काकू मध्येच म्हणाल्या. "किती दिसांनी आलात. बसा."

"बसा, बसा," सर म्हणाले. "चहा घेतला का?"

साहेबरावांची मान किंचित खाली गेली. म्हाताऱ्यानं शेवटी माफ केलं, असंच त्यांना वाटलं असणार. ते डोळे पुसल्यासारखं करत आपल्या खुर्चीकडे गेले, आणि रत्नमालाचा श्वास मोकळा झाला.

तिनं प्रबंध मांडला. आवाज सुरुवातीला कापला, मग लागला. साहेबरावांनी प्रश्न विचारले ते नेमके आणि कोरडे होते. भाषा वेगळी म्हणून माणूस वेगळा कसा? फारसी शब्द वाढले ते काळामुळे की माणसामुळे? तिनं दाखले दिले, हस्तलिखितांचे क्रमांक सांगितले. एका प्रश्नावर ती अडली, तरी सावरली. विभागप्रमुख मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. दाराशी ठेवलेल्या शहागंजच्या मिठाईच्या खोक्यांचा वास सुटला होता. गंगेत घोडं न्हालं असं वाटण्याची हीच ती वेळ.

"सभागृहातून कुणाला काही विचारायचंय?" मॅडमनी रिवाजाप्रमाणे विचारलं. हे विचारायचं असतं, आणि कुणी काही विचारत नसतं.

सरांचा हात वर गेला. पदराआडून कधी सुटला ते काकूंनाही कळलं नाही. काकू चटकन म्हणाल्या, "अहो, गोळीची वेळ झाली." पण सर उभे राहिले होते, आणि सर उभे राहिले की सभागृह गप्प होतं, ही त्या विभागाची जुनी खोड होती.

"बाई, मांडणी चांगली केलीत," सर म्हणाले. "पण मला एक सांगा. दुष्काळानंतरच्या पदांत हा कवी एका देवळापुढं उभा राहून विचारतो, हे कुणाचं देऊळ? तुम्ही म्हणता, तो परका आहे म्हणून विचारतो. पहिल्या कवीचं गाव, त्याची सई, याला काहीच माहीत नाय, म्हणून हा दुसरा. व्हय ना?"

"व्हय, सर."

"माहीत नसणं निराळं आणि विसरणं निराळं. दुष्काळात ज्याचं सगळं गेलं, तो आपल्याच देवळापुढं उभा राहून हे कुणाचं म्हणून विचारणार नाय का? एकाच माणसाचे असे दोन होत नाहीत का? तुम्ही पाहिलंय का कधी?"

सभागृहात कुजबुज झाली. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि टाळ्या पसरल्या. साहेबराव उठून उभे राहिले होते.

"मॅडम, नोंद घ्या. आपल्या हयातीभराचा सिद्धांत सरांनी आज सर्वांसमक्ष मागे घेतला. याला मोठेपण म्हणतात. मी हरलो तेव्हा इथंच बसलो होतो, आज सरांनी मला जिंकवलं." ते रत्नमालाकडे वळले. "तुम्हाला हे मान्य आहे, एवढं म्हणा, म्हणजे ही दुरुस्ती जोडून माझा होकार आहे."

मॅडमची लेखणी कागदावर चालू लागली.

सुटका इतकी सोपी होती. मान लववून "मान्य आहे" म्हणायचं, की पदवी हातात आणि मूठ झाकलेली ती झाकलेलीच. उद्याच्या पेपरात सरांचं कौतुकही छापून येईल. रत्नमालाचे ओठ हललेही. पण सरांनी काही मागे घेतलं नव्हतं. तो सिद्धांत आपला आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. झोपलेल्या माणसाचा अंगठा उमटवून घ्यावा आणि त्याचं शेत नावावर करावं, तसलाच हा प्रकार. तिनं काकूंकडे पाहिलं. काकूंची नजर सांगत होती, हो म्हण आणि सोडव आम्हाला. तिला काकूंची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. आणि सरांच्या प्रश्नानं तर तिचं काळीजच चिरत गेलं होतं, कारण त्याचं उत्तर तिच्यासमोर कडक इस्त्रीचा सदरा घालून उभं होतं.

"पाहिलंय, सर," ती म्हणाली. "माणसाचं असं होतं, ते मी जवळून पाहिलंय."

"मग?"

"पण मी पाहिलंय हा पोथीतला पुरावा नाही. स्वतःचं दुःख पोथीत घुसवून वाचू नये. दोन कवी एकच आहेत म्हणायचं तर एक तरी पद असं पाहिजे, ज्यात दुसऱ्याच्या तोंडी पहिल्याची ओळ चुकून आलीय. विसरणारा माणूस सगळं विसरतो, पण ओळ विसरत नाही. तशी ओळ मी सगळ्या हस्तलिखितांत शोधली. एकही सापडली नाही. म्हणून मला तुमचं म्हणणं मान्य नाही."

साहेबरावांच्या कपाळाला आठी पडली. सर मात्र खुलले होते. डोळ्यांत जुनी चमक आली होती, तासाला कुणी उलटून बोललं की यायची ती.

"स्वतःचं दुःख पोथीत घुसवू नये," सरांनी चवीनं म्हटलं. "हे वाक्य कुणाचं?"

आता खोटं बोलायला जागा नव्हती. ते वाक्य सरांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत होतं, आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ते पाठ होतं.

"माझ्या मार्गदर्शकांचं, सर."

"वाक्य चांगलंय. माणूस लई हट्टी दिसतोय, पण अभ्यास हाय त्याचा." सरांनी सभागृहावर नजर फिरवली, कुणाला तरी शोधावं तशी. "मग आज त्यांना बोलवायचं होतं, बाई. समोरासमोर झालं असतं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. साहेबराव सरांकडे पाहत होते. चहा विचारणारा तो गोड, परका चेहरा त्यांना आता कळत गेला, आणि ते खुर्चीचा हात धरून हळूच खाली बसले.

"कधीपासून?" त्यांनी रत्नमालाला विचारलं.

"दोन वर्षं होत आली."

"म्हणजे शेवटची प्रकरणं?"

"वाचून दाखवली. त्यातलं त्यांच्यापर्यंत किती पोचलं ते मला सांगता येणार नाही."

तिनं सगळं हातानं सोडून दिलं होतं. पदवी गेली, कन्नडची जागा गेली, आणि काकूंनी जपलेली अब्रूही तिच्याच जिभेनं गेली. तिनं टेबलावरची पानं गोळा करायला घेतली. मॅडम काही बोलू पाहत होत्या. साहेबरावांनी हातानं त्यांना थांबवलं, त्यांच्यापुढचा कागद आपल्याकडे ओढला आणि मघाची नोंद आडवी रेघ मारून खोडली. मग ते बराच वेळ लिहीत राहिले. लिहून झालं तसे उभे राहिले. लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं.

"मार्गदर्शकांनी आजचा सर्वांत कठीण प्रश्न विचारला. उमेदवारानं मार्गदर्शकांचीही भीड न ठेवता, त्यांच्याच शिस्तीनं उत्तर दिलं. मार्गदर्शन झालं की नाही याला यापरता पुरावा मला माहीत नाही. पदवी द्यावी." कागद खाली ठेवून ते म्हणाले, "मैराळसुत दोन की एक, ते मी अजून शोधतोय. ज्यांचं पुस्तक आहे त्यांचं ते राहू द्या."

टाळ्या सुरू केल्या त्या सरांनी. दणकून, हात वर करून वाजवल्या, आणि त्यांच्यामागून बाकीच्यांनी. रत्नमाला खाली वाकली तेव्हा त्यांनी तिच्याही डोक्यावर हात ठेवून "सुखी राहा" म्हटलं. ती डोळे पुसत बाजूला झाली, तसे सर काकूंच्या कानाशी वाकले.

"पोरगी हुशार हाय. कुणाची?"

काकूंनी त्यांचा हात पुन्हा हातात घेतला. या वेळी पदराआड नेला नाही.

"आपलीच," त्या म्हणाल्या.